‘देऊळ’मध्ये नसलेलं देऊळ

‘देऊळ’ पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी शाळेत होतो. घाटकोपरला तानसा पाइपलाइनच्या कडेला आमची खोली होती. टीव्हीवर सिनेमा लागला होता आणि आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो. दुसऱ्यांदा पाहिला तो गेल्या महिन्यात, माहुलच्या प्रकल्पबाधितांच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर, मोबाइलवर, कानात इअरफोन घालून. हसू तेव्हाही आलं, पण या वेळी सिनेमाशी भांडावंसं वाटलं. हा लेख म्हणजे ते भांडण.

उमेश कुलकर्णी दिग्दर्शित आणि गिरीश कुलकर्णी लिखित ‘देऊळ’ २०११ साली आला आणि त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. मंगरूळ गावातला केश्या आपली करडी गाय शोधताना उंबराच्या झाडाखाली झोपतो आणि त्याला दत्त दिसतात. गावभर बोभाटा होतो. गावाला खरं तर हॉस्पिटल हवं आहे, दिलीप प्रभावळकरांचे अण्णा त्याच्या मागे लागलेत. पण दत्त आल्यावर हॉस्पिटल मागे पडतं आणि देऊळ उभं राहतं. त्यासोबत दुकानं येतात, जमिनींचे भाव येतात, नाना पाटेकरांच्या भाऊंचं राजकारण येतं. ज्याला देव दिसला तो केश्या मात्र या सगळ्यात पोरका होतो. शेवटी तो मूर्ती घेऊन गावाबाहेर पडतो आणि गाव नवी मूर्ती आणून पुढे चालू लागतं.

हा शेवट मराठी सिनेमातल्या सगळ्यात निर्दय शेवटांपैकी एक आहे. देव गेल्याचं गावाला काहीच वाटत नाही, कारण गावाला हवं होतं ते देऊळ. इथपर्यंत मी सिनेमाच्या बाजूने आहे.

भांडण पुढे आहे. सिनेमाने श्रद्धा एकट्या केश्याला देऊन टाकली. तो भोळा, गाईवर जीव टाकणारा, म्हणून त्याची भक्ती खरी. बाकीचं गाव एक तर हपापलेलं, नाही तर येडं. देवळात रोज जाणारी, कुणाला न लुटणारी आणि फारशी भोळीही नसलेली माणसं या सिनेमात जवळपास दिसत नाहीत. अशी माणसं मी रोज पाहतो. माझी आई त्यांच्यातली एक आहे.

आम्ही २०१७ साली इथे आलो. पाइपलाइनच्या कडेची घरं तुटली आणि आम्हाला माहुलची चावी मिळाली. एका बाजूला तेलशुद्धीकरण कारखाने, रसायनांच्या टाक्या, आणि त्यांना लागून सात-सात मजल्यांच्या इमारतींच्या रांगा. इथल्या हवेबद्दल नवीन सांगण्यासारखं काही नाही. माहुल-आंबापाड्यातल्या हवेने रहिवाशांच्या तब्येतीला धोका आहे, हे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ सालीच मान्य केलं होतं. आम्ही आलो त्यानंतर. २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की तानसाच्या लोकांना माहुलमध्ये राहायची सक्ती करता येणार नाही, पर्यायी घर द्या किंवा भाड्यासाठी महिना १५,००० रुपये द्या. काही जण गेले. काही राहिले. आम्ही राहिलो, त्याची कारणं मोठी आहेत, पुन्हा कधी तरी.

सांगायचं आहे ते वेगळंच. सामान घेऊन टेम्पो आला तेव्हा आईच्या मांडीवर देवघर होतं. पंधरा दिवसांत दोन इमारतींच्या मधल्या जागेत कुणी तरी पत्र्याखाली साईबाबांचा फोटो ठेवला. महिन्याभरात गुरुवारची आरती सुरू झाली. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो आणि मला याचा भयंकर राग यायचा. लिफ्ट बंद, पाण्याची बोंब, जिन्यात अंधार, आणि लोक टाइल्ससाठी वर्गणी काढतायत! मी ‘देऊळ’चंच उदाहरण द्यायचो. आई म्हणायची, “लिफ्ट मला दुरुस्त करता येत नाही. हे येतं.”

या वाक्याचं वजन कळायला मला बरीच वर्षं लागली. वेगवेगळ्या ठिकाणांहून उचलून आणलेली माणसं. शेजारी कोण राहतं ते माहीत नाही. जुन्या वस्तीत नावाने ओळखणारं कुणी तरी असायचं, इथे फक्त इमारतीचा नंबर. गुरुवारच्या आरतीला मात्र कोण आलं नाही ते कळायचं, आणि का आलं नाही याची चौकशी व्हायची. एमिल दुर्खाइम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९१२ सालच्या पुस्तकात धर्माची व्याख्या करताना म्हटलं होतं की पवित्र मानलेल्या गोष्टींभोवतीच्या श्रद्धा आणि आचार माणसांना एका नैतिक समूहात बांधतात. मी ते कॉलेज संपल्यावर वाचलं. आईला न वाचता माहीत होतं.

चार वर्षांपूर्वी रात्री दीड वाजता वडिलांना श्वास घेता येईना. लिफ्ट बंद होती. आरतीतल्या चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून पाच मजले खाली नेलं. त्यांच्यातल्या दोघांशी तेव्हा आमचं पार्किंगवरून भांडण चालू होतं. वडील वाचले. महिन्याभराने वर्गणीतून वाफेचं मशीन घेतलं, ते आजही मंदिराच्या कपाटात असतं. लागेल त्याने न्यावं, धुऊन परत आणावं.

म्हणजे ‘देऊळ’ चुकला का? इतकं सोपं नाही. त्याच मंदिरावर आता एका पुढाऱ्याचा बॅनर आहे, साईबाबांपेक्षा मोठ्या फोटोचा. कळसासाठी दोन आठवड्यांत पैसे जमले. पण रात्री उघडा राहणारा दवाखाना वस्तीत व्हावा म्हणून आम्ही पोरांनी अर्ज काढला, तर पाच इमारतींतून चाळीस सह्या मिळाल्या. चौघांनी खुर्ची उचलली ही गोष्ट मी अभिमानाने सांगतो, पण ती उचलावी का लागली हे आरतीत कुणी विचारत नाही. शेजाऱ्याशी कसं वागायचं ते देवळाने आम्हाला शिकवलं. सरकारला काय विचारायचं ते नाही शिकवलं. मंगरूळमधलं हॉस्पिटल याच फटीत गडप झालं होतं, आणि ही फट सिनेमाने अचूक पकडली आहे.

माझा आक्षेप एवढाच की सिनेमाने ती कायमची धरून टाकली. देऊळ किंवा हॉस्पिटल, यातलं एक निवडा. पण आपल्याकडेच दुसरा रस्ता होऊन गेलाय. गाडगे महाराजांनी कीर्तनात उभं राहून लोकांना दगडाच्या देवावरून फटकारलं, आणि त्याच कीर्तनाला जमलेल्या लोकांच्या पैशातून धर्मशाळा बांधल्या. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत टाटा रुग्णालयातले कॅन्सरचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक राहतात. टाळ तोच, माणसं तीच, त्यांना वळवलं दुसरीकडे. मंगरूळच्या अण्णांकडे हॉस्पिटलचा आराखडा होता, पण ऐकणारं कीर्तन नव्हतं. भाऊंकडे गर्दी होती, आराखडा नव्हता. केश्याकडे दोन्ही नव्हतं, फक्त देव होता. हे तिघं एका ओट्यावर बसले असते तर काय झालं असतं, हा प्रश्न ‘देऊळ’ विचारत नाही. विचारला असता तर विनोद कमी झाला असता, सिनेमा मोठा झाला असता.

परवाच्या गुरुवारी मी आरती संपल्यावर दवाखान्याचा अर्ज पुढे केला. म्हटलं, प्रसाद घेताना सही करा. एक काका चिडले, “देवळात राजकारण नको.” मी वर बॅनरकडे पाहिलं, बोललो काहीच नाही. आई कपाटाजवळ उभी होती. म्हणाली, “भाऊजी, मशीन चालतं ना देवळात? मग कागद का नाही चालत?”

काकांनी सही केली नाही. त्यांच्या सुनेने केली. एकूण त्रेसष्ट झाल्या. पुढच्या गुरुवारी पुन्हा जाणार आहे, या वेळी आरतीच्या आधी, टाळ घेऊन.