आगीआधीची संध्याकाळ : एका चित्रपटाकडे पुरावा म्हणून बघताना

समजा तुमच्या संशोधनाचा विषय आहे युद्धकाळातला एक पब. दुसऱ्या महायुद्धात कॅनडातून चारशेहून जास्त स्वयंसेवक अग्निशामक इंग्लंडला गेले. साउदॅम्प्टन, पोर्ट्समथ, प्लिमथ, ब्रिस्टल इथे त्यांनी काम केलं. ड्युटी संपल्यावर ते ज्या पबात बसायचे, तिथली संध्याकाळ तुम्ही कुठे शोधाल? दफ्तरात आगीची नोंद सापडते, गप्पांची नाही.

म्हणूनच हम्फ्री जेनिंग्जचा 'फायर्स वेअर स्टार्टेड' (1943) बघा. यातली माणसं कॅनडाची नाहीत, लंडनची आहेत. आणि पबऐवजी अग्निशमन केंद्रातली खोली आहे. पण प्रश्न तोच. नवा भरती झालेला बॅरेट पियानोवर बसतो, एकेक गडी आत येतो आणि गाणं वाढत जातं. मग गोदीतल्या गोदामाला आग लागते. शेजारी दारूगोळ्याचं जहाज उभं. जहाज वाचतं, जॅको मरतो. त्याचा मृत्यू आपल्याला लागतो, कारण आपण त्याला आगीआधी भेटलेलो असतो. माझ्या मते चित्रपटाची सगळी ताकद इथे आहे.

आता दोष. लंडनवरचे मोठे हल्ले 1940-41 चे. चित्रीकरण 1942 मधलं. अग्निशामक खरे, पण पात्रं रचलेली आणि आग मुद्दाम लावलेली. शिवाय युद्ध चालू असताना सरकारी चित्रपट विभागाने काढलेला हा चित्रपट! त्यामुळे यातला एकोपा जरा जास्तच गुळगुळीत वाटतो. म्हणून वहीत दोन रकाने करा: 'काय घडलं' आणि 'कसं दाखवायचं होतं'. पियानोचा प्रसंग दुसऱ्या रकान्यात जातो. तोही पुरावाच आहे, फक्त वेगळ्या प्रश्नाचा.

आपल्याकडे काय आहे? 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे कॅनडात बांधलेलं जहाज पेटलं. आत कापूस आणि स्फोटकं. दोन स्फोट झाले, 66 अग्निशामक गेले. इथे जहाज वाचलं नाही. दरवर्षी त्या तारखेला अग्निशमन सेवा दिन पाळतो, पण ते 66 जण आदल्या संध्याकाळी कुठे बसले होते, हे आपण विचारत नाही.

नंदुरबारकरांनो, आपलंही तेच. बाल शहीद शिरीषकुमार म्हटलं की 9 सप्टेंबर 1942 ही तारीख तोंडावर येते. तो कुठल्या ओट्यावर बसायचा, कुणाशी भांडायचा? आपण सायन्सवाले याला सॅम्पलिंग बायस म्हणतो: फक्त मृत्यूचा दिवस मोजायचा आणि त्यालाच आयुष्य समजायचं.

तेव्हा मुलाखतीला जाल तेव्हा पहिला प्रश्न घटनेचा नको. "तुम्ही सगळे संध्याकाळी कुठे बसायचात?" हे आधी विचारा. मग चहा येईपर्यंत थांबा.