हंटर आयोगापुढील फुल्यांचे निवेदन : शिक्षक आणि ग्रामकारभार

जोतीराव फुले यांनी हंटर आयोगास सादर केलेले १८८२ चे इंग्रजी निवेदन आपल्याकडे बहुधा एकाच अंगाने वाचले जाते. रयतेच्या श्रमावर सरकारी तिजोरी भरते आणि तिचा व्यय मात्र वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, हा त्यातील आरोप विद्यार्थ्यांस तोंडपाठ असतो. शिक्षण वरून खाली झिरपते या सिद्धांतावरील प्रहारही वारंवार सांगितला जातो. निवेदनाचा उत्तरार्ध मात्र केवळ प्रशासकीय तपशील समजून ओलांडण्यात येतो. वस्तुतः शाळा कोणाच्या हाती असावी, हा राज्यशास्त्राचा प्रश्न तेथेच उभा राहतो.

निवेदनाखालील सही या दृष्टीने उद्बोधक आहे. १९ ऑक्टोबर १८८२ या दिवशी सही करताना 'गुलामगिरी'चा हा कर्ता स्वतःस ग्रंथकार किंवा सुधारक म्हणवीत नाही; व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर एवढीच आपली ओळख तो देतो. कर भरणारा, पिकवणारा आणि नगराचा कारभार पाहणारा अशा तिहेरी नात्याने तो शासनाशी बोलतो.

असे असूनही याच म्युनिसिपल कमिशनरने प्राथमिक शाळांची व्यवस्था सर्वस्वी नगरपालिकांच्या हाती देण्यास विरोध केला आहे. मोठ्या शहरांतील नगरपालिकांनी आपल्या हद्दीतील प्राथमिक शाळांचा सारा खर्च सोसावा, परंतु देखरेख शिक्षणखात्याची असावी, असे त्यांचे म्हणणे. लोकल फंडाच्या समित्यांवरील पाटील, इनामदार, सरदार या मंडळींविषयी तर ते अधिकच साशंक आहेत. त्याच वर्षीच्या मे महिन्यात लॉर्ड रिपन यांच्या सरकारने स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव केला होता, आणि पुढे हंटर आयोगाने प्राथमिक शाळा स्थानिक मंडळांकडे सोपविण्याचीच शिफारस केली. स्वराज्याचे अधिकार गावात उतरले की ते प्रथम कोणाच्या ओसरीवर जाऊन बसतात, हे फुल्यांस पुरते ठाऊक होते.

येथे एक विसंगती मान्य केलीच पाहिजे. ज्या खात्यातील शिक्षक जवळजवळ सर्व ब्राह्मण आहेत आणि ज्याची तपासणी अपुरी आहे अशी तक्रार फुले करतात, त्याच खात्याच्या स्वाधीन ते शाळा करू पाहतात. अधिकाऱ्यांनी वारंवार व पूर्वसूचना न देता शाळांस भेटी द्याव्या, ही त्यांची सूचना योग्य खरी. पण तेवढ्याने ही अडचण सुटत नाही.

ती सोडविण्याचा खरा प्रयत्न शिक्षकाविषयीच्या परिच्छेदात आढळतो. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातील, त्या लोकांत मिसळणारा असावा. त्यास दरमहा किमान १२ रुपये आणि मोठ्या गावी १५ ते २० रुपये वेतन मिळावे. शिवाय गावच्या हिशेबांची तपासणी, दस्तऐवजांची नोंदणी, टपाल किंवा मुद्रांकविक्री अशी कामे देऊन त्यास ग्रामकारभारात स्थान द्यावे. ज्या गावात लिहिता-वाचता येणे हीच सत्ता होती, तेथे हिशेब तपासणारा शिक्षक म्हणजे नागरिकशास्त्राचा चालता पाठच. पाटील-कुलकर्ण्यांच्या कागदांवर रयतेतून आलेल्या माणसाची नजर राहील, ही या सूचनेतील शक्ती आहे. अनेक शैक्षणिक योजनांत शिक्षकाचा गौरव होतो. त्यास अधिकार मात्र क्वचितच दिला जातो.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याशी ही सूचना ताडून पाहणे उपयुक्त ठरेल. त्या कायद्याचे २७ वे कलम दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामांस शिक्षकाला जुंपण्यास मनाई करते. वरवर पाहता हे फुल्यांच्या विरुद्ध वाटेल. परंतु फुले शिक्षकास देऊ पाहत होते ती कामे त्याचा दर्जा वाढविणारी होती. कायद्याने ज्यांवर बंधन घातले ती त्याचा वेळ खाणारी. हिशेबतपासनीस आणि यादी भरणारा कारकून यांत अंतर आहे. याच कायद्याचे २१ वे कलम शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीनचतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे सांगते. शाळेस मिळणाऱ्या अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवण्याचे कामही याच समितीकडे आहे. १८८२ मध्ये फुल्यांनी जे काम शिक्षकाकडे मागितले, ते शाळेपुरते का होईना, आता पालकाकडे आले आहे. मात्र तो पालक समितीची हिशेबवही उघडून वाचतो की पुढे केलेल्या पानावर नुसती सही करतो, हे त्याला स्वतःला कोणत्या प्रकारची शाळा लाभली होती यावर अवलंबून राहते.