यदृच्छेतील आकृतिबंध आणि झिफचा नियम

हार्वर्ड विद्यापीठातील भाषाभ्यासक जॉर्ज किंग्सली झिफ यांचा मानवी वर्तन आणि अल्पतम प्रयत्नाचे तत्त्व या विषयावरील इंग्रजी ग्रंथ १९४९ साली प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी ग्रंथकर्ता निवर्तला. परंतु त्याच्या नावाने ओळखला जाणारा नियम भाषाभ्यासात स्थिरावला आणि इतर अनेक शास्त्रांत पसरला. या नियमाचे मोल ठरविताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. सांगितलेला आकृतिबंध खरोखर आढळतो काय, हा पहिला. आढळत असल्यास तो कशाचा पुरावा आहे, हा दुसरा. झिफ यांनी पहिल्या प्रश्नाचे उत्तर अपार परिश्रमाने दिले, आणि दुसऱ्याचे उत्तर त्यातच सामावले आहे असे मानले. त्यांच्या विवेचनातील मूळ उणीव ती हीच होय.

नियम मांडावयास सोपा आहे. एखाद्या संहितेतील शब्द वारंवारतेच्या उतरत्या क्रमाने लावले, तर क्रमांक आणि वारंवारता यांचा गुणाकार जवळजवळ स्थिर राहतो. जेम्स जॉइस यांच्या ‘युलिसिस’ कादंबरीत एकूण २,६०,४३० शब्द असून त्यांत २९,८९९ भिन्न शब्दरूपे आहेत. दहाव्या क्रमांकाचा शब्द २,६५३ वेळा, शंभराव्या क्रमांकाचा २६५ वेळा, तर हजाराव्या क्रमांकाचा २६ वेळा येतो. अशा नियमिततेची चाहूल एस्तू या फ्रेंच लघुलिपितज्ज्ञाला १९१६ पूर्वीच लागली होती. झिफ यांनी तिला उपपत्ती जोडली. थोड्या शब्दांत भागावे ही वक्त्याची सोय आणि प्रत्येक अर्थाला स्वतंत्र शब्द असावा ही श्रोत्याची सोय. या दोन ओढींच्या समतोलातून हा नियम निष्पन्न होतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

या प्रतिपादनाची खरी कसोटी गणिताने घेतली. बेन्वा मांडेलब्रो यांनी १९५२ मध्ये पॅरिस विद्यापीठाच्या डॉक्टरेटसाठी सादर केलेल्या प्रबंधाचा एक भाग याच नियमाविषयी होता. त्यांनी नियमाला अधिक काटेकोर सूत्ररूप दिले आणि संदेशवहनातील काटकसरीतून ते सिद्ध केले. पण अशा सूत्रासाठी काटकसरीचीही गरज नाही, हे जॉर्ज मिलर यांनी १९५७ मध्ये दाखविले. रोमन लिपीची २६ अक्षरे आणि कोऱ्या जागेची एक कळ अशा २७ कळांचे टंकलेखन यंत्र माकडाच्या हाती दिले आहे, अशी कल्पना करावी. प्रत्येक कळ दाबली जाण्याची संभाव्यता सारखीच आहे. दोन कोऱ्या जागांमध्ये जे येईल तो ‘शब्द’. एका अक्षराचे शब्द २६, दोन अक्षरांचे ६७६, तीन अक्षरांचे १७,५७६. लांबी एका अक्षराने वाढली की भिन्न शब्दांची संख्या २६ पट होते आणि प्रत्येक शब्दाची संभाव्यता सत्ताविसाव्या हिश्श्यावर येते. २६ आणि २७ हे आकडे इतके जवळचे आहेत की वारंवारता क्रमांकाच्या सुमारे १.०१ या घाताच्या व्यस्त प्रमाणात उतरते. येथे वक्ता नाही, श्रोता नाही, प्रयत्नही नाही. आकृतिबंध मात्र आहे.

हर्बर्ट सायमन यांनी १९५५ मध्ये तिसरीच वाट दाखविली होती. पुढचा शब्द ठराविक संभाव्यतेने नवा असेल, अन्यथा आधीच्या शब्दांतून त्यांच्या वापराच्या प्रमाणात निवडला जाईल, एवढेच गृहीत धरले तरी तशीच वक्ररेषा मिळते. एकच आकृतिबंध तीन परस्परभिन्न कारणांतून निघत असेल, तर तो त्यांपैकी कोणत्याही एका कारणाचा पुरावा ठरू शकत नाही.

तथापि येथे थांबून ‘नियम अर्थशून्य आहे’ असा निकाल देणे हीदेखील घाईच होय. माकडाच्या संहितेत समान लांबीच्या सर्व शब्दांची वारंवारता समान असते. पहिले २६ शब्द एका पायरीवर, २७ ते ७०२ क्रमांकांचे शब्द दुसऱ्या पायरीवर, अशी ती जिन्यासारखी उतरते. तिच्यातील शब्दाची सरासरी लांबी २७ अक्षरे भरते. इंग्रजीत एकाक्षरी शब्द जेमतेम दोन, आणि सर्वाधिक वापराचा शब्द तीन अक्षरी आहे. यादृच्छिक संहिता आणि वास्तव संहिता यांच्या वाटण्या सांख्यिकीय कसोट्यांवर जुळत नाहीत, हे फेरेर इ कांचो आणि एल्वेवॉग यांनी २०१० मध्ये दाखवून दिले. आलेखपत्रावर दोन रेषा सारख्या दिसणे म्हणजे त्या एक असणे नव्हे.

मग मोजदादीतून भाषेविषयी काही कळू शकते काय? आंद्रेई मार्कोव्ह यांचे १९१३ मधील काम याचे होकारार्थी उत्तर देते. पुश्किनच्या ‘येवगेनी ओनेगिन’मधील २०,००० अक्षरे मोजून त्यांनी ८,६३८ स्वर असल्याचे नोंदविले; म्हणजे स्वराची संभाव्यता सुमारे ०.४३२. अक्षरे परस्परांपासून स्वतंत्र असती, तर प्रत्येक ठिकाणी हाच आकडा मिळावयास हवा होता. प्रत्यक्षात स्वरानंतर स्वर येण्याची संभाव्यता ०.१२८, तर व्यंजनानंतर स्वर येण्याची ०.६६३ निघाली. मार्कोव्ह यांनी आधी यदृच्छेचे माप ठरविले आणि मग भाषा त्यापासून किती ढळते ते मोजले. झिफ यांच्या ग्रंथात नेमकी ही पायरी नाही.

मराठीच्या अभ्यासकाला याआधीची आणखी एक पायरी ओलांडावी लागते: मोजावयाचा ‘शब्द’ कोणता? हिंदीत ‘घर में’, ‘घर को’, ‘घर से’ असे लिहिले जाते. त्यामुळे ‘में’, ‘को’, ‘से’ यांना यादीत वरचे क्रमांक मिळतात. मराठीत ‘घरात’, ‘घराला’, ‘घरातून’ ही तीन स्वतंत्र रूपे ठरतात आणि प्रत्ययांना क्रमांकच मिळत नाही. दोन भाषांच्या वक्ररेषांत यामुळे जो फरक पडेल, तो बोलणाऱ्यांच्या मनाचा नसून लेखनपद्धतीचा असेल. त्यावरून मनोव्यापाराचे अनुमान काढणारा प्रबंध लिपिकाराच्या सवयीलाच सिद्धान्त समजून बसेल.

यादृच्छिक रचनांवर संशोधन करणाऱ्या गणितज्ञाला ही सावधगिरी अंगवळणी पडलेली असते. बिंदूंच्या जोड्या यदृच्छेने सांधत गेल्यास, प्रत्येक बिंदूला सरासरी एकाहून अधिक जोड मिळताच बिंदूंचा मोठा हिस्सा एका सलग जाळ्यात गोवला जातो, असे एर्देश आणि रेन्यी यांनी १९६० च्या सुमारास सिद्ध केले. जाळे आहे म्हणून विणकर असलाच पाहिजे, असे नाही. पदव्युत्तर संशोधकाने झिफ यांच्याकडून त्यांची चिकाटी अवश्य घ्यावी. परंतु निष्कर्ष लिहिण्यापूर्वी केवळ यदृच्छेने काय हाती आले असते, त्याचा हिशेब प्रथम मांडावा. त्या हिशेबातून जे उरेल, तेवढेच भाषेच्या खाती जमा करता येते.