चार हत्ती आणि एक कासव

पृथ्वी सपाट आहे, ती चार हत्तींच्या पाठीवर टेकलेली आहे आणि ते हत्ती एका अवाढव्य कासवाच्या पाठीवर उभे आहेत, असं एखाद्या इंग्रजाने सांगितलं तर आपण मराठी माणसांनी दचकायचं कारण नाही. आपले दिग्गज आठ. साहेबाने निम्म्यात भागवलं. कासव तर शंकराच्या देवळात शिरतानाच आपल्या पायाशी भेटतं. टेरी प्रॅचेटने ही पुराणातली वांगी पुराणात ठेवली नाहीत, एवढंच. 'डिस्कवर्ल्ड' असं त्या जगाचं नाव ठेवून १९८३ ते २०१५ या काळात त्याने कासवावर ४१ कादंबऱ्या चढवल्या, आणि कासव बसलं नाही.

हा गृहस्थ मूळचा वार्ताहर. १९८० ते १९८७ तो इंग्लंडच्या वीज मंडळात जनसंपर्क अधिकारी होता आणि त्याच्या वाट्याला आली होती अणुवीज केंद्रं! "सगळं अगदी सुरक्षित आहे हो," असं सांगण्याचा पगार ज्याने सात वर्षं घेतला, त्याला चेटकिणी आणि जादूगार काय जड जाणार?

त्याला वाचायला सुरुवात कुठून करावी यावर त्याच्या भक्तांत जे वाद चालतात, तेवढे द्वैती-अद्वैतींतही झाले नसतील. माझं मत विचाराल तर पहिली दोन पुस्तकं खुशाल बाजूला ठेवावीत. 'द कलर ऑफ मॅजिक' म्हणजे दुसऱ्यांच्या कादंबऱ्यांना दाखवलेल्या वाकुल्या. ज्याला त्या कादंबऱ्या ठाऊक नाहीत त्याला नुसती जीभ दिसते. 'मॉर्ट' (१९८७) आणि 'गार्ड्स! गार्ड्स!' (१९८९) इथवर येईतो मात्र त्याने पुस्तकांकडे बघून हसणं सोडलं होतं आणि तो माणसांकडे बघू लागला होता.

आता त्या व्हाइम्सचंच बघा. अँख-मॉरपॉर्क नावाच्या एका भलत्याच घाणेरड्या शहरात हा पोलीस कप्तान आहे. १९९३ च्या 'मेन ॲट आर्म्स'मध्ये त्याला महिना ३८ डॉलर पगार. चांगले बूट ५० डॉलरला मिळतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. त्याला परवडतात ते दहा डॉलरचे, आणि त्यांचा तळ पुठ्ठ्याचा. एकदोन मोसमांत ते फाटतात की पुन्हा दहा डॉलर! म्हणजे दहा वर्षांत श्रीमंताचे पन्नास जातात आणि गरिबाचे शंभर, शिवाय गरिबाचे पाय ओले ते ओलेच. वर या व्हाइम्सला आपल्या पातळ तळांचं कौतुक असं, की धुक्याच्या रात्री नुसत्या पायाखालच्या दगडांवरून आपण कुठल्या गल्लीत आहोत हे तो सांगू शकतो. ज्याने महिनाअखेरीस एकाच चपलेचा अंगठा चौथ्यांदा शिवून घेतलाय त्याला हे अर्थशास्त्र निराळं शिकवावं लागत नाही. २०२२ साली जॅक मन्रो या ब्रिटिश लेखिकेने गरिबांच्या किराण्याची महागाई मोजायचं ठरवलं, तेव्हा त्या मोजपट्टीला नाव दिलं ते या बुटांचं.

आणि तरी हा 'हलकाफुलका' लेखक! आपल्याकडेही विनोदी पुस्तकाला जेवणानंतरच्या बडीशेपेचं स्थान असतं. १९९८ मध्ये त्याला साहित्यसेवेबद्दल सरकारी सन्मान मिळाला, तेव्हा आपण साहित्य लिहायचा कधी प्रयत्न केला नाही हीच आपली सेवा असावी, अशा अर्थाचं काहीतरी तो बोलला. आमच्या शेजारी एक निवृत्त प्राध्यापक राहतात. जादूगारांचं नाव काढलं की ते नाक मुरडतात. पण प्रॅचेटच्या कादंबरीत तळटिपा पाहून वरमले. आदराने चष्मा लावून त्यांनी एक तळटीप वाचली, खो खो हसले, आणि मग हसवल्याबद्दल पुस्तकावर रागावले.

त्याचं सर्वांत लाडकं पात्र म्हणजे मृत्यू. आपला यम रेड्यावरून येतो, हा पांढऱ्या घोड्यावरून. आणि घोड्याचं नाव बिंकी! याला मांजरं आवडतात, रस्सेदार करी आवडते. तो बोलतो सगळं मोठ्या अक्षरांत. आपल्या देवनागरीत मोठी अक्षरंच नाहीत, त्यामुळे मराठी अनुवादकाने त्याचा आवाज कसा काढायचा हा प्रश्नच आहे. तो दुष्ट नाही, फक्त वक्तशीर आहे, आणि माणसं अशी का वागतात याचं त्याला मनापासून कुतूहल आहे. मरणाला टेकलेले वाचक प्रॅचेटला पत्रं लिहीत, की आम्हाला न्यायला येणारा तुमच्या पुस्तकातल्यासारखाच असू दे. अशा पत्राला काय उत्तर लिहायचं?

२००७ मध्ये त्याला स्वतःलाच अल्झायमर झाल्याचं कळलं. वय ५९. टाइप करणं सुटलं, पुढची पुस्तकं त्याने तोंडी सांगून लिहवली. 'रेझिंग स्टीम'मध्ये (२०१३) ते जाणवतं. पूर्वी एका टोमण्यात काम उरकणारी पात्रं तिथे भाषणं करतात. भक्तांना हे कळतं. पण घरातल्या वडीलधाऱ्यांच्या विसरण्याबद्दल बोलावं तसं ते हळू आवाजात बोलतात.

हे भक्तही मुलखावेगळे. सॉमरसेटमधल्या विन्कँटन या छोट्या गावाने २००२ मध्ये अँख-मॉरपॉर्कशी, म्हणजे नसलेल्या शहराशी, रीतसर जुळं गाव म्हणून नातं जोडलं. पुढे तिथल्या नव्या वसाहतीतल्या रस्त्यांना कादंबऱ्यांतली नावंही दिली. टोकदार टोप्या घालून मिरवणारी ही मंडळी मला आधी थोडी पोरकट वाटली असती, पण २००८ साली प्रॅचेटने अल्झायमरच्या संशोधनाला दहा लाख डॉलर दिल्यावर यांनी तेवढीच रक्कम आपण जमवू म्हणून वर्गणीला हात घातला. पोरकट माणसं पावतीपुस्तक घेऊन उभी राहत नाहीत.

'गोइंग पोस्टल'मध्ये (२००४) मनोऱ्यांवरून संदेश धाडणारी एक तारयंत्रणा आहे. तिच्यावरचा कामगार मेला की त्याचं नाव तारेवर इकडून तिकडे फिरत ठेवतात, कुठेच उतरवून घेत नाहीत. १२ मार्च २०१५ ला प्रॅचेट गेला, आणि जगभरच्या संगणकवाल्या वाचकांनी आपापल्या यंत्रांत त्याचं नाव असंच सोडून दिलं. वाचणाऱ्याला ते दिसत नाही. यंत्रं एकमेकांना सांगत राहतात.

अर्धवट लेखन छापायचं नाही, ते मोडून टाकायचं, अशी त्याची इच्छा होती. २०१७ मध्ये डॉर्सेटच्या वाफेच्या यंत्रांच्या जत्रेत त्याच्या संगणकाची हार्ड डिस्क जुन्या वाफेच्या रोलरखाली घातली. रोलर पुन्हा पुन्हा फिरवूनही ती पुरती मोडेना, तेव्हा दगड फोडायच्या यंत्रात टाकली. लेखक गेला की त्याच्या धोब्याच्या हिशेबाचीही 'अप्रकाशित' म्हणून पुस्तकं निघताना मी पाहिली आहेत, म्हणून मला या रोलरचं फार कौतुक वाटतं. भक्तांनीही त्याबद्दल तक्रार केली नाही. त्यांनी जुन्या वर्तमानपत्रांची पानं उलटायला घेतली, कारण तरुणपणी टोपणनावाने छापलेल्या गोष्टी मोडून टाकायला त्याने सांगितलं नव्हतं. त्या सापडल्या, आणि २०२३ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं.