पाठलाग संपल्यावरचा 'सैराट'

लोणावळ्याच्या टायगर पॉइंटला तोंडाला रुमाल बांधून आलेली जोडपी संध्याकाळी निमूट घरी परततात. नागराज मंजुळेंच्या 'सैराट'मधल्या (२०१६) आर्ची-परश्याला परतायला घरच उरत नाही. मध्यंतरानंतर सिनेमा रेंगाळतो, ही तक्रार तुम्हीही ऐकली असेल. मला ते रेंगाळणंच महत्त्वाचं वाटतं. पाठलाग मागे पडतो. हैदराबादच्या झोपडपट्टीत नोकरी, भांडणं, मग बाळ, स्वतःचं घर. हळूहळू आपणही बापाच्या गुंडांना विसरतो. आणि एक दिवस भाऊ आईनं पाठवलेल्या भेटी घेऊन दारात उभा राहतो. आर्ची चहा ठेवते. गुंडांपासून पळता येतं. माहेरच्या माणसाला मात्र दार उघडावंसंच वाटतं. शेवटी पार्श्वसंगीतही थांबतं, आणि 'झिंगाट'वर नाचलेलं थिएटर गप्प बाहेर पडतं.