‘निदर्शक’ या संज्ञेची संदिग्धता

मधुमेहातील मूत्रपिंडविकार आरंभीच ओळखू पाहणाऱ्या रक्तपरीक्षांविषयी मराठीत जे लोकोपयोगी लेखन होते, त्याचा दोष माहितीच्या अभावापेक्षा संज्ञेच्या शैथिल्यात अधिक आहे. क्रिएटिनिन, सिस्टॅटिन-सी, टी.एन.एफ. ग्राहके आणि किम-१ या सर्वांना तेथे सरसकट ‘निदर्शक’ म्हटले जाते. वस्तुतः त्यांची कार्ये भिन्न आहेत. पहिल्या दोहोंवरून मूत्रपिंडाच्या गाळणशक्तीचे मान अजमावता येते. किम-१ ही मूत्रनलिकांना झालेल्या इजेची खूण होय. तर बोस्टनच्या जॉस्लिन मधुमेह-केंद्रातील संशोधकांनी २०१२ साली पुढे आणलेली ग्राहके भावी ऱ्हासाचा संभव सुचवितात.

मापन, खूण आणि भाकीत यांना एकच शब्द योजल्याने वाचकाची दिशाभूल होते. क्रिएटिनिन स्नायूंत उपजते. म्हणून कृश वृद्धेच्या रक्तात ते मुळातच अल्प असते. शिवाय मधुमेहाच्या आरंभी गाळण कित्येकदा वाढलेलेच आढळते. तेव्हा ‘क्रिएटिनिन नॉर्मल’ या शेऱ्यावरून मूत्रपिंड निरोगी असल्याचा निष्कर्ष काढणे सयुक्तिक नाही. त्या भरवशावर लघवीतील अल्ब्युमिनची तपासणी मात्र राहून जाते. उलट, ग्राहकांचे प्रमाण अधिक आढळले म्हणजे मूत्रपिंड निकामी होणारच, असेही नव्हे.

यास्तव ‘कार्यमापक’, ‘क्षतिदर्शक’ आणि ‘संभवसूचक’ अशी तीन पदे वेगळी राखणे इष्ट ठरेल. हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नव्हे. हाती पडलेल्या अहवालाने निश्चिंत व्हावे की पुढील तपासणी करावी, हे रोग्याला त्यांवरूनच उमगणार आहे.