कलांतरावर आधारित मापन : सूक्ष्मता आणि निश्चितता

प्रस्तावना

दोन तरंगांमधील कलांतर मोजून अंतर, परिभ्रमण, ताण, तापमान अशा भौतिक राशी ठरविणारे संवेदक आज उद्योगात व संशोधनात सर्वत्र वापरले जातात. त्यांचा परिचय करून देताना सूक्ष्मतेचा गौरव होतो आणि तो यथार्थच आहे. तथापि सूक्ष्म मापन म्हणजे निश्चित मापन नव्हे, हा भेद अध्यापनात बहुधा दुर्लक्षित राहतो. प्रस्तुत लेखात या भेदाची चिकित्सा करावयाची आहे.

कलेची मर्यादा

चंद्राच्या कलेवरून तिथी कळते. महिना कळत नाही. तरंगाच्या कलेचेही तसेच आहे. ३६० अंशांनंतर ती मूळ स्थितीला येते. त्यामुळे संवेदकाला केवळ बाकी मिळते. पूर्ण आवर्तनांची संख्या मिळत नाही. लेसर अंतरमापकात प्रकाशाची तीव्रता सेकंदाला १ कोटी वेळा कमीअधिक केली, तर तरंगलांबी ३० मीटर होते. प्रकाश जाऊन परत येत असल्याने दर १५ मीटरनंतर तेच कलांतर मिळते. म्हणजेच ४ मीटर आणि १९ मीटर ही अंतरे उपकरणाला एकसारखीच भासतात. हा संभ्रम दूर करण्यासाठी दुसरी, कमी वारंवारता वापरावी लागते. जीपीएसमधील सुमारे १९ सेंटिमीटर लांबीच्या वाहक तरंगाची कला मोजून मिलिमीटरपर्यंत सूक्ष्मता साधता येते; परंतु तेथेही पूर्ण तरंगांची संख्या स्वतंत्रपणे ठरवावी लागते.

कारणाचा प्रश्न

दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. कला बदलली एवढेच संवेदक सांगतो. ती कशामुळे बदलली हे सांगत नाही. प्रकाशतंतूतील कला ताणाने बदलते, तशीच तापमानानेही बदलते. म्हणूनच मापनाची विश्वासार्हता प्रयोगाच्या रचनेवर अवलंबून असते. मायकेलसन व मोर्ली यांनी १८८७ मध्ये आपले उपकरण पाऱ्यावर तरंगत्या दगडी शिळेवर बसवून फिरविले. ईथरचा परिणाम असता, तर तो दिशेनुसार बदलला असता. त्यांना ०.४ पट्ट्याइतके स्थानांतर अपेक्षित होते; प्रत्यक्षात ते अपेक्षेच्या विसाव्या भागाहूनही कमी आढळले. १४ सप्टेंबर २०१५ रोजी लायगोच्या ४ किलोमीटर लांबीच्या भुजांमध्ये नोंदला गेलेला बदल प्रोटॉनच्या व्यासाहून शेकडो पटींनी लहान होता. तो स्थानिक कंपनाचा परिणाम नव्हे असे मानता आले, याचे एक प्रमुख कारण म्हणजे लिव्हिंग्स्टन येथील संकेत सुमारे ३००० किलोमीटरवरील हॅनफर्ड येथेही सुमारे ७ मिलिसेकंदांनी उमटला.

निष्कर्ष

हिंगोली जिल्ह्यातील औंढा येथील लायगो-इंडिया प्रकल्पास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. आपल्याच परिसरातील विद्यार्थ्यांना या क्षेत्रात काम करावयाचे असेल, तर प्रात्यक्षिकाची दृष्टी बदलणे आवश्यक आहे. मायकेलसन व्यतिकरणमापकाच्या एका भुजेखाली नुसता हात धरला, तरी उबदार हवेमुळे पट्टे हलतात. प्रयोगवहीत पट्टे किती सरकले याची नोंद असतेच. ते आरसा सरकल्यामुळेच सरकले हे कशावरून ठरविले, याचेही उत्तर तेथे मागितले गेले पाहिजे. या उत्तराविना मिळालेला आकडा कितीही दशांश स्थळांपर्यंत दिलेला असला, तरी त्याला मापन म्हणता येणार नाही.